आधी काही झालं होतं का?

जुन्या आजाराबद्दल विचारलं की माणूस आधी वर बघतो. पंखा असेल तर पंख्याकडे, पत्रा असेल तर पत्र्याकडे. मग नजर तिथेच कुठेतरी विरघळते आणि समोर बसलेली मी त्याला दिसेनाशी होते. बाहेर रिक्षा जाते, कुकरची शिट्टी होते, पण तो माणूस त्या घरात नसतो. तो पुन्हा आठ वर्षांचा असतो, कांजिण्या झालेला, कडुनिंबाच्या पाल्यावर झोपलेला. मी पेन धरून गप्प बसते. माझ्या कामाचा हा भाग मला सगळ्यात आवडायचा.

काम सांगते. माझी नोकरी जळगावातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून झाली. ती संपल्यावर पिंप्राळ्यातल्या घरात दुपारी खायला उठायच्या. तेव्हा ओळखीतून हे दुसरं काम मिळालं. आरोग्य विम्यासाठी अर्ज केला की कंपनीला त्या माणसाची तब्येत जाणून घ्यायची असते. कंपनीचं माणूस काही गावोगाव फिरत नाही. ते काम एखाद्या एजन्सीकडे देतात आणि एजन्सी माझ्यासारखीला पाठवते. मी घरी जायचे, वजन-उंची-बीपी बघायचे, रक्त घ्यायचे, लहानशा मशीनवर ईसीजी काढायचे, आणि टॅबवरचे प्रश्न एकेक करून वाचून दाखवायचे. साखर आहे का, दमा आहे का, कधी फिट आली होती का, ऑपरेशन झालंय का, कधी दवाखान्यात दाखल होता का, आई-वडील हयात आहेत का, नसतील तर कशानं गेले. माझ्या नोंदींवर आमच्या डॉक्टर मॅडम जळगावात बसून सही करत. शंका आली तर त्या स्वतः फोन करत.

ऐकायला सोपं वाटतं. पण लोकांचा आजाराचा हिशेब वेगळा असतो. "काही आजार?" म्हटलं की पहिलं उत्तर "काहीच नाही." मग गोळ्यांचा डबा समोर येतो. "अहो, ही तर साखरेची गोळी." "हो, पण साखर कंट्रोलमध्ये आहे ना, मग आजार कुठे राहिला?" बायकांना बाळंतपणातलं सिझर हे ऑपरेशन वाटत नाही. "ते तर मूल झालं," म्हणतात. चोपड्याजवळच्या एका केळीवाल्या आबांना मी विचारलं, "वडील कशानं गेले?" आबांनी बराच वेळ अंगणाकडे बघितलं. म्हणाले, "वादळात सगळी केळी झोपली होती. त्यानंतर वडील आठ-पंधरा दिवस ओट्यावर बसून राहिले. मग गेले." टॅबमध्ये कारणांची यादी होती. हृदयविकार, कर्करोग, पक्षाघात, अपघात, इतर. मी 'इतर'वर बोट ठेवलं.

लपवू नका, असं मी सगळ्यांना सांगायचे. आज लपवलेलं उद्या दवाखान्याच्या बिलापाशी बाहेर येतं आणि कंपनी हात वर करते. कळकळीनं सांगायचे. पण काही माणसं लपवत नसतात, त्यांना खरंच माहीत नसतं. सुभाषभाऊ त्यातले. त्यांची हकीगत मी त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. "नाव बदला सिस्टर, बाकी सगळं येऊ द्या," असं ते म्हणाले. तेव्हा नाव बदललं आहे.

सुभाषभाऊंचं धुळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची. पन्नाशी ओलांडलेला, बोलका, गोल चेहऱ्याचा माणूस. घर दुकानाच्या वरच. मी गेले तेव्हा उन्हाळ्याची दुपार होती. पडदे ओढलेले, कुलर चालू, आणि वाळ्याचा ओला वास. त्यांच्या पत्नी मंगलावहिनींनी पन्हं आणून ठेवलं. त्या थंड अंधारात प्रश्न विचारताना मलाच पेंग येत होती, आणि सुभाषभाऊही झोपेत बोलावं तसे "नाही, नाही" म्हणत होते.

"ऑपरेशन?"

"नाही."

"कधी दाखल?"

"नाही हो. दवाखान्याची पायरी चढलो नाही कधी."

मग ईसीजीसाठी त्यांना शर्ट काढून पलंगावर आडवं व्हायला सांगितलं. छातीवर पट्ट्या लावताना मला त्यांच्या डाव्या कुशीत एक व्रण दिसला. पाठीपासून निघून बरगड्यांच्या खालून पोटाकडे आलेला. जुना, पांढुरका, कातडीत मुरलेला.

"हे काय?"

"ते होय!" सुभाषभाऊ हसले. "लहानपणी बैलानं शिंग मारलं. आमच्या खळ्यात. मला आठवत नाही, पण आईनं सांगितलंय. वाचलो म्हणायचं."

"बैलाला फार भितात हे," मंगलावहिनी म्हणाल्या. "पोळ्याच्या दिवशी खाली उतरत नाहीत. लग्नानंतर पहिल्या पोळ्याला मी एकटीनं पुरणपोळीचा घास भरवला शेजाऱ्यांच्या बैलाला. हे गच्चीवर."

"हसा," सुभाषभाऊ म्हणाले. "शिंग तुम्हाला नाही लागलं."

मीही हसले. पण माझी नजर त्या व्रणावरून हटेना. एवढी वर्षं थिएटरात काढलेली होती. व्रणाच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके होते, सारख्या अंतरावर, टाक्यांचे. बैल मारतो तेव्हा मांस फाटतं, भरतं ते वेडंवाकडं भरतं. ही रेघ कुणीतरी विचार करून आखलेली होती.

"भाऊ," मी म्हटलं, "हे ऑपरेशन वाटतंय मला."

"शिंग लागल्यावर शिवलं असेल डॉक्टरांनी."

"असेल. पण मला लिहावं लागेल. घरात कुणाला विचारता येईल?"

"आई-वडील दोघेही नाहीत आता. दोंडाईच्याला मोठी बहीण आहे, विमलअक्का. तिला माहीत असेल." ते शर्ट घालता घालता थांबले. "पण बैलच होता, सिस्टर. मला त्याची शिंगं आठवतात."

आई सांगायची म्हणून आठवतं की खरंच आठवतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

मी व्रणाची नोंद केली. डॉक्टर मॅडमनी पोटाची सोनोग्राफी मागवली. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला आधी फोन केला आणि मग सुभाषभाऊंना. सोनोग्राफीत डाव्या बाजूला किडनी नव्हती. उजवीकडची एकटीच होती, दोघींचं काम करून करून नेहमीपेक्षा मोठी झालेली. त्यात रक्ताच्या तपासणीत किडनीचे आकडे काठावर आलेले आणि बीपीही वाढलेलं.

"कंबरदुखीच्या गोळ्या घेता का?" मॅडमनी त्यांना विचारलं.

घेत होते. जमिनीवर मांडी घालून तार भरायचं काम, कंबर धरायची. मेडिकलमधून गोळी आणायची, संध्याकाळच्या चहाबरोबर घ्यायची. कित्येक वर्षं. मंगलावहिनींनाही माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "आजपासून बंद. एकही नाही. एकच किडनी आहे तुम्हाला, आणि ती या गोळ्यांनी झिजते आहे."

त्या दिवशी सुभाषभाऊंनी मला फोन केला. आवाज अगदी खाली गेलेला. "सिस्टर, माझी किडनी कुणी काढली?"

मग त्यांनीच पुढे सांगितलं.

"अक्काला फोन केला मी. विचारलं. ती मग म्हणाली, ये. फोनवर नाही सांगत. तुम्ही चला बरोबर. ती काय सांगेल ते मला कळायला पाहिजे, आणि तुम्हालाही ते लिहायचंच आहे."

त्या आठवड्यात मला तसंही तिकडे एक घर करायचं होतं. मी धुळ्यापर्यंत एसटीनं गेले आणि पुढे त्यांच्या गाडीतून. सुभाषभाऊ, मंगलावहिनी आणि मी. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, त्यावर ऊन पाण्यासारखं हलत होतं. मध्येच एखादं बाभळीचं झाड, त्याच्या सावलीत बसलेली गुरं. एकदा रस्त्यात बैलगाडी आडवी आली. सुभाषभाऊंनी गाडी थांबवली, बैलांकडे टक लावून बघत राहिले. गाडी निघून गेली तरी ते गिअर टाकेनात. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

अक्काच्या अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. ऊन त्या लालीवर पडून भिंतींवर उडालेलं, सगळं घरच तांबूस दिसत होतं. आत शिरताच आम्हाला तिघांनाही शिंका आल्या. अक्का साठी ओलांडलेली, बारीक चणीची, नऊवारी नेसलेली. तिनं आधी पाणी दिलं. सुभाषभाऊंनी तांब्या अर्धाच पिऊन ठेवला तर म्हणाली, "बठ्ठं पे."

ते सगळं प्याले. मग म्हणाले, "अक्का, बैल कोणता होता?"

अक्का खाली बघत राहिली. तिच्या पायाशी मिरचीचं एक बी पडलं होतं, ते तिनं बोटानं बाजूला केलं.

"बैल नही व्हता रे भाऊ. बैल कधीच नही व्हता."

मग ती सांगू लागली. सावकाश, मधे मधे थांबत. ऐकताना मला वाटत होतं की ती आमच्याशी बोलत नसून कुठल्यातरी पाण्यात बघून तिथे दिसतं ते सांगते आहे.

सुभाषभाऊ पाच वर्षांचे असताना त्यांचं पोट एका बाजूनं फुगायला लागलं. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या ठिकाणी न्या. वडिलांनी दोंडाईच्याहून गाडीत घातलं आणि सुरतेकडच्या एका दवाखान्यात नेलं. आईला दिवस गेलेले, तिला प्रवास झेपणारा नव्हता. वडिलांना शेत सोडून राहता येईना. मग पोराजवळ कोण? बारा वर्षांची विमल. डाव्या किडनीतून लघवी उतरायची वाट जन्मापासूनच बंद होती, त्यामुळे ती किडनी निकामी होऊन फुगली होती. डॉक्टरांनी ती काढली. जखम लवकर भरेना, पू झाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी दोघं भावंडं तिथेच. वडील मधून मधून येत, भाकरी-चटणी देऊन परत जात.

"तठे एक लांब व्हरांडा व्हता," अक्का म्हणाली.

सुभाषभाऊंनी झटक्यात मान वर केली. "हिरव्या जाळीचा?"

"हो."

"आणि खाली पांढरी फुलं पडायची. कुणीतरी ती माझ्या पोटावर ठेवायचं."

"मीच ठेवू. तू रडे ना, तवय." अक्काचा आवाज फुटला. "तुले याद शे?"

"मला ते स्वप्न वाटायचं, अक्का. आजवर पडतं मला. तापात तर नेहमी. हिरवी जाळी आणि पोटावर फुलं. मंगलाला विचार."

मंगलावहिनींनी मान हलवली.

बाहेर कुणीतरी मिरच्या पलटत होतं, त्यांचा कोरडा खळखळाट येत होता. मग सुभाषभाऊंनी विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"अण्णांनी माले शप्पथ घालेल व्हती. म्हने, याले आजारी म्हणून वाढवानं नही. गावमा समजनं तं लोक याले अर्धा म्हणतीन. पुढे पोरगी कोन दी?" अण्णा म्हणजे त्यांचे वडील. "तू इचारे, हाई काय लागेल शे? मंग मायनी बैल सांगी दिना."

"आणि मी तो बैल आयुष्यभर खरा मानला!" सुभाषभाऊ हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं आणि रागानं त्यांचा चेहरा लाल झाला. "अण्णा गेले, आई गेली. मग तरी सांगायचंस. मी रोज कंबरेच्या गोळ्या खात होतो अक्का, रोज! एकुलती एक किडनी त्या गोळ्यांनी मारत होतो. तुझी ती शप्पथ माझ्या जिवावर उठली असती!"

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. खरं होतं ते.

"तू गोळ्या खास," ती हळूच म्हणाली, "हाई माले कोन सांगनं?"

कंबर दुखते हे सुभाषभाऊंनी अक्काला कधी कळू दिलं नव्हतं. ती काळजी करते म्हणून. दर फोनवर ती विचारायची, पानी पेस ना, लघवी साफ व्हस ना, पाय सुजतस का. एवढ्या तेवढ्याला घाबरते, म्हणून ते तिला सगळं छान आहे असंच सांगायचे. मंगलावहिनींनी हे मला नंतर परतीच्या वाटेवर सांगितलं. "आम्ही दोघं हसायचो हो त्यांच्या प्रश्नांना," म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी माझ्या कामाचं विचारून घेतलं. साल, दवाखाना, काही कागद. कागद अण्णांनीच जाळले होते. दवाखान्याचं नाव अक्काला आठवेना. "तठे गुजराती बोलेत," एवढंच. मग मी सहज म्हटलं, "अक्का, तुम्ही केवढ्याशा होतात. शाळेचं काय केलं?"

"सातवीमा व्हतू. परीक्षा चुकनी."

"पुढच्या वर्षी?"

"पुढला साली मायनी तब्येत बरी नव्हती. घरमा तान्हं पोर व्हतं." तिनं खांदे उडवले. "ऱ्हाई गयं."

सुभाषभाऊ हे ऐकत होते. अक्काला घरात सगळे 'सातवी नापास' म्हणायचे, आणि सगळ्यात जास्त तेच चिडवायचे. भाऊबिजेला तर ठरलेली थट्टा. अक्का हसून ओवाळायची. ती नापास झालीच नव्हती, परीक्षेलाच बसली नव्हती, आणि तेही त्यांच्याच उशाशी बसली होती म्हणून. हे त्यांच्या ध्यानात येताना मी बघितलं. ते उठून अंगणात गेले आणि मिरच्यांच्या त्या लाल उजेडात पाठमोरे बराच वेळ उभे राहिले. अक्कानं त्यांना हाक मारली नाही. जेवणाची ताटं घेतली, भरीत वाढलं, कळण्याच्या भाकरी वाढल्या, त्यांच्यासाठीचं भरीत मात्र वेगळं, कमी मीठ घातलेलं होतं. ते आत येऊन निमूट जेवले.

मी सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं. कंपनीनं आणखी तपासण्या मागितल्या आणि शेवटी पॉलिसी दिली, पण किडनीच्या आजाराला संरक्षण नाही अशी अट घालून. सुभाषभाऊ म्हणाले, "जी गोष्ट माझ्याकडे एकच आहे, तीच नेमकी वगळली." त्यात थट्टाही होती आणि दुखणंही. मला वाईट वाटलं. मी प्रश्न विचारला नसता तर पॉलिसी कदाचित विनाअट निघाली असती. आणि गोळ्याही चालू राहिल्या असत्या. गोळ्या बंद झाल्यावर त्यांचे आकडे काठावरच थांबले, पुढे सरकले नाहीत. दुकानात त्यांनी उंच टेबल करून घेतलं, आता स्टुलावर बसून तार भरतात.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी अक्काच्या नावानं विम्याचा अर्ज केला. तपासणीला एजन्सीनं दुसरं कुणी पाठवलं असतं, पण सुभाषभाऊंनी माझंच नाव सांगितलं. माझे गुडघे तेव्हा बोलायला लागले होते आणि मी काम सोडायच्या विचारात होते. तरी गेले.

थंडीचे दिवस होते. अंगणात ऊन मऊ, पिवळं. अक्का खाटेवर बसली होती, दंडाला बीपीचा पट्टा. सुभाषभाऊ दारात उभे. मी प्रश्न वाचत होते आणि अक्का छताकडे बघत उत्तरं देत होती. साखर नाही. दमा नाही. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

"कधी दवाखान्यात दाखल होतात? रात्री मुक्कामाला, असं?"

"हो. व्हतू ना."

मी मान वर केली. "कधी? कशासाठी?"

"सुरतकडे. हाऊ लहान व्हता तवय."

"अक्का, ते भाऊ होते. तुम्ही सोबतीला होतात. हे आजारी माणसाबद्दल विचारतायत."

तिनं विचार केला. तिची नजर छतावरून उतरली नाही. ती तिथेच होती, त्या लांब व्हरांड्यात.

"तो खाटवर व्हता, मी खाटखाले व्हतू," ती म्हणाली. "दाखल तं आम्ही दोन्ही व्हतूत."

दारातून सुभाषभाऊ म्हणाले, "हो लिहा, सिस्टर."

मला लिहिता येईना. 'हो' म्हटलं की टॅब पुढे विचारतो, आजार कोणता, उपचार काय, डिस्चार्जचा कागद कुठे. तसं मी त्यांना समजावून सांगितलं. अक्का शांतपणे म्हणाली, "मंग तुले जे लिखता येस ते लिख, बाई."

मी 'नाही'वर बोट ठेवलं. स्क्रीनवर पुढचा प्रश्न आला. सुभाषभाऊ आत आले आणि खुर्ची रिकामी असताना अक्काच्या खाटेपाशी खाली जमिनीवर बसले. दुखरी कंबर भिंतीला टेकवून, पाय लांब करून. माझे सगळे प्रश्न संपेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.